बर्फ नेताना बोलायचं नसतं

वाद सुरू झाला तो कॅमेऱ्यावरून.

"खट् वाजतं ते," हाजी बाकिर म्हणाला. "माझ्या पुतणीच्या लग्नात हा पोरगा दिवसभर खट् खट् करत होता. मग तो आवाज झाला की नाही?"

मशिदीबाहेरच्या उन्हात दहा-बारा जण बसले होते. मिठाचा चहा फिरत होता. सगळे आखोन मुसांच्या तोंडाकडे बघत होते, कारण गावात नमाज पढवायचे तेच आणि असल्या भानगडींचा निकाल लावायचेही तेच.

आखोन म्हणाले, "आवाज माणसाचा नको. काठी वाजते, बूट वाजतात, कुदळ वाजते. त्याला कुणी ना म्हटलंय का?"

"आणि हाजींचा गुडघा वाजतो त्याचं काय करायचं?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. हाजीसुद्धा हसला, पण नाइलाजाने.

शेवटी ठरलं ते असं. बर्फ नेताना तकी बरोबर येईल, फोटो काढेल, पण कॅमेरा लोकरीच्या फडक्यात गुंडाळून. आणि नियम सगळ्यांना जो, तोच त्याला. पहिला घाव घातल्यापासून शेवटचा दगड ठेवेपर्यंत तोंड बंद.

"त्या घरातले दोघं जण," हाजी चहात भाकरी बुडवत म्हणाला. "बाप आणि लेक. माझं काही म्हणणं नाही. फक्त आठवण करून देतोय."

तकीचा बाप रोझी अली भिंतीच्या कडेला बसला होता. त्याने ऐकलं आणि कप खाली ठेवला.

गावावरची हिमनदी वितळून संपली होती. ओढा जूनमध्येच आटायचा, गहू उभ्या उभ्या वाळायचा, जर्दाळूची झाडं वरून जळत खाली यायची. तेव्हा गावाने नवी हिमनदी लावायचं ठरवलं. झाड लावतात तशीच लावतात ती. हिमनदीतही नर-मादी असतात. नराचा बर्फ वेगळा, काळपट, दगडगोट्यांनी भरलेला, जागचा न हलणारा. मादीचा पांढरा, निळसर झाक असलेला, पाणी सोडणारा. दोन्हींचे तुकडे तोडायचे, पाठीवरच्या टोपल्यांतून वर न्यायचे, जिथे ऊन पोचत नाही अशा दगडांच्या उतारात एकत्र पुरायचे. वर कोळसा, भुसा, पाण्याने भरलेले भोपळे. मग वीस-तीस वर्षं वाट बघायची. धरली तर धरली. टोपली वाटेत जमिनीला टेकवायची नाही आणि बोलायचं नाही. बोललं की बर्फ बिथरतो, धरत नाही.

बावीस वर्षांपूर्वी एकदा लावली होती. धरली नाही. का नाही धरली ते गावाला पक्कं माहीत होतं. वर जाताना एक धोंडा सुटला आणि रोझी अलीच्या पायावर आला. तीन बोटं चेचली. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला. एकच.

त्या दिवसापासून तो रोझी बोलका. शेताला पाणी कमी पडलं की, "विचारा बोलक्याला." तो रस्त्याने चालला की पोरं ओठांवर बोट ठेवायची. तकी शाळेत असताना बोलक्याचा म्हणून रोज मार खायचा, आणि मार खाताना ओरडला की पोरांना जास्तच मजा यायची. मग तो ओरडेनासा झाला.

पुढे तो स्कर्दूला पळाला. पासपोर्ट फोटोचं दुकान टाकलं. त्याआधी चार उन्हाळे गिर्यारोहकांची ओझी वाहिली होती, तिथे बर्फाचा नाद लागला होता. कॅमेरा जुना घेतला, शिकवायला कुणी नव्हतं, चुकत चुकत शिकला. पण त्याला डोंगराचे फोटो नको असायचे. तो हिमनदीच्या अंगाला जाऊन चिकटायचा. हातभर अंतरावरून, कधी वीतभर. बर्फातले हवेचे बुडबुडे, धुळीच्या रेषा, भेगेच्या कडेला आतून येणारा निळा उजेड. तळहात टेकवून वरचा खरबरीत थर वितळवायचा, काचेसारखा झाला की मग फोटो घ्यायचा. भेगांमध्ये दोर लावून उतरायचासुद्धा.

"लोकांचे पासपोर्ट फोटो काढून पोट भरलं नाही," रोझी अली म्हणायचा, "म्हणून आता बर्फाचे काढतो. बर्फ कुठं जाणार आहे दुबईला?"

पण ते फोटो इस्लामाबादच्या एका संस्थेने पाहिले, आणि तेच लोक ह्या लावणीला मदत करत होते. त्यांना सगळं जवळून टिपलेलं हवं होतं. त्यांचा वजाहत नावाचा माणूस जीप घेऊन पायथ्याशी थांबणार होता.

आणि रोझी अलीने आखोनांचे पाय धरले होते. मला पुन्हा एकदा टोपली उचलू द्या म्हणून. एकसष्ट वर्षांचा माणूस. आखोन म्हणाले, उचल.

ऑक्टोबरचा शेवट होता. पहाटे फटफटताना नऊ जण निघाले. नराचा बर्फ दुसऱ्या खोऱ्यातून दुसरी टोळी आणणार होती. दोन्ही टोळ्या वर भेटणार आणि उन्हं उतरायच्या आत दोन्ही बर्फ एकत्र पुरले जाणार. एकानेही उशीर करून चालत नाही. एकटा बर्फ थांबत नाही.

पहिला घाव पडायच्या आधी, वाटेत बोलायला मुभा होती. बाप-लेक मागे राहिले होते.

"अब्बा, पाय कसा आहे?"

"दोन मोजे घातलेत. त्यावर बूट. आता धोंडा आला तरी धोंड्यालाच लागेल."

"मी टोपली घेतो तुमची. तुम्ही नुसते चला."

"नुसता चालायला आलोय का मी? नुसतं चालायचं तर तुझ्या अम्माबरोबर सरपणाला गेलो असतो." मग तो थोडा थांबला. दम खात म्हणाला, "तुला खोकला नाही ना?"

"नाही."

"आला तर गीळ. शिंक आली तर नाक दाब. तकी, आज आपल्या घरातून आवाज येता कामा नये. काही झालं तरी."

"नाही येणार."

"काहीही झालं तरी."

"म्हटलं ना, अब्बा."

मादीच्या हिमनदीवर पोचले तेव्हा ऊन नुकतंच वरच्या कड्याला लागलं होतं. दोन दिवसांपूर्वी हलका बर्फ पडला होता, घोट्याइतका. आखोनांनी दुआ मागितली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आखोनांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि कुदळ घातली.

तिथून पुढे फक्त श्वास.

तकी कामाला लागला. कुदळीच्या टोकाखाली उडणारे कण. टोपलीत ठेवताना बर्फावर उमटलेले ओल्या बोटांचे ठसे. बापाचे हात. त्याला बापाचे हात इतक्या जवळून कधी बघायला मिळाले नव्हते. नखं जाड, पिवळी, एक अंगठा वाकडा. तो ठोकळा उचलताना हात जराही हलत नव्हते. फडक्यातून कॅमेरा वाजायचा तो उंदराएवढा. हाजी बाकिर तरीही दर वेळी वळून बघायचा.

टोपल्या भरल्या. ओळ निघाली. एका टोपलीला दोन माणसं, आळीपाळीने. बदलताना टोपली खाली ठेवायची नाही. घेणारा पाठीमागे येऊन उभा राहतो, देणारा पट्ट्यांतून खांदे सोडवतो आणि घेणाऱ्याला वाट द्यायला उताराच्या बाजूला दोन-तीन पावलं सरकतो. लहानपणापासून सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. नेहमी उताराच्याच बाजूला, कारण वरच्या बाजूने दगड येतात.

दहाच्या सुमाराला रोझी अलीची पाळी संपली. तो थांबला. हाजी बाकिर त्याच्या मागे येऊन उभा राहिला. बापाची टोपली हाजी घेतोय, हा फोटो तकीला हवाच होता. बावीस वर्षं ज्याने टोचून बोलून जगू दिलं नाही, तोच आता बापाच्या पाठीवरचं ओझं हातांनी अलगद काढत होता. तकी वीस पावलं मागे होता. त्याने लांबची लेन्स लावली, गुडघ्यावर बसला.

आणि लेन्समधून त्याला तो पट्टा दिसला.

बापाच्या उजव्या हाताला, उताराच्या बाजूला. ताज्या बर्फात एक पट्टा, हातभर रुंद, बाकीच्यापेक्षा किंचित करडा, किंचित खाली बसलेला. साध्या डोळ्याला काहीच नाही. पण तकीने असे पट्टे शंभर वेळा बघितले होते. खाली भेग आहे. वर नुसती साय.

हाजीने टोपलीचे पट्टे खांद्यावर घेतले. रोझी अली मोकळा झाला. त्याने खांदे हलवले, लेकाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तकीने ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. समाधान म्हणा. त्याने एक पाऊल बाजूला टाकलं.

तकीचं तोंड उघडलं होतं. आवाज घशापर्यंत आला होता. त्याने हात वर केला, जोरजोरात हलवला. बाप आता खाली पायांकडे बघत होता. फेकायला दगड शोधला, पण पांढऱ्या बर्फावर दगड कुठून असणार? सगळं मिळून किती वेळ, दोन श्वास. एक शब्द पुरला असता. आणि त्या दोन श्वासांत त्याच्या डोक्यात बापाचं मरण आलंच नाही. डोक्यात आलं ते हे, की पुन्हा आपणच.

रोझी अलीने दुसरं पाऊल टाकलं आणि तो तिथे नव्हता.

आवाज झाला तो बर्फाचा. कापसाची गादी टाकावी तसा.

सगळे थांबले. कुणी बोललं नाही. आखोन पालथे पडून भोकापर्यंत सरकले. तकी त्यांच्या शेजारी. खाली निळं, मग काळं. भेग तिरकी जात होती, काही दिसत नव्हतं. सगळ्यांनी श्वास रोखून कान दिले. टोपल्यावाले टोपल्या पाठीवर घेऊन तसेच उभे, कारण ठेवायच्या नव्हत्या. खालून काही नाही. कण्हणं नाही, हाक नाही. जवळ एकच आखूड दोर होता, टोपल्या बांधायचा. तो सोडला. हिसका येतोय का बघितलं. नाही आला. बर्फाचा खडा टाकला. खडा आपटत आपटत गेला आणि गप्प झाला.

जिवंत माणूस ओरडतो. सगळ्यांना तेच वाटलं. तकीलाही तेच वाटलं.

आखोन उठले. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं. टोपल्यांतून पाणी गळायला लागलं होतं. त्यांनी तकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने वर बोट दाखवलं. चला.

आणि तकी चालला. हे नंतर त्याला कुणी विचारलं नाही, पण तो चालला. बापाची पुढची पाळी त्याने घेतली.

दुपारी दोन्ही बर्फ पुरले. काळा खाली, पांढरा वर. शेवटचा दगड ठेवल्यावर आखोनांनी तोंड उघडलं, तर आधी नुसती हवाच आली. मग म्हणाले, "पळा."

वजाहतच्या जीपमध्ये लांब दोर होता. दोघं जण खाली धावत गेले तो आणायला. दोर येईपर्यंत ऊन तिरपं झालं होतं. "मी उतरतो," तकी म्हणाला. कुणी वाद घातला नाही. भेगांत उतरायची सवय त्याच्याशिवाय कुणाला नव्हती.

पाच पुरुष खोलीवर भेग चिंचोळी झाली होती, आणि तिथे रोझी अली छातीपाशी अडकला होता, पाचर ठोकल्यासारखा. उजवा हात अंगाखाली दाबलेला. डावा कोपरापासून मोकळा. डोळे उघडे.

तकीने बॅटरी लावली आणि सवयीने आधी बर्फच वाचला.

बापाच्या पाठीमागे बर्फात खळगा झाला होता. चार बोटं खोल, गुळगुळीत, काचेसारखा, पाठीच्याच आकाराचा. तळहात टेकवून बर्फ वितळायला किती वेळ लागतो ते तकीला माहीत होतं. सदऱ्याआडून, कोटाआडून चार बोटं वितळायला किती, तेही त्याला मनातल्या मनात काढता आलं. तास. तीन, कदाचित चार. समोरच्या भिंतीवर नखांचे ओरखडे होते. आणि वर कुठेतरी, बापाच्या हातापासून दोन हात उंचीवर, सकाळच्या आखूड दोराने घासलेली रेघ.

डाव्या हातात मोजा नव्हता. मोजा तोंडात होता. दातांनी ओढून काढलेला आणि मग आत कोंबलेला, अंगठ्यापर्यंत. जाड लोकर दातांनी आरपार चावली होती.

त्याने सगळं ऐकलं होतं. खडा ऐकला होता. पावलं निघून जाताना ऐकली होती.

"तकी." वरून हाजी बाकिरचा आवाज. "सापडले का रे?"

"सापडले."

"आहेत?"

"नाहीत."

वर कुजबुज झाली. मग पुन्हा हाजी. ह्या वेळी जरा अडखळत. "बाळा, राग मानू नकोस. विचारायला लागतं. पडताना ओरडले का ते? माणूस पडताना ओरडतोच. आम्हाला ऐकू आलं नाही, पण तू त्यांच्याकडेच बघत होतास. म्हणजे, बर्फाचं काय ते कळलं पाहिजे ना."

तकी दोरावर लोंबकळत होता. मोजा काढून खिशात घातला असता तर वरचे सगळे जण आयुष्यभर नीट झोपले असते. पडले आणि गेले, संपलं. पण मग संशयही राहिला असता. बर्फ नाही धरला तर पुन्हा तेच. बोलका खाली ओरडला असणार, आपल्याला ऐकू आलं नाही एवढंच.

त्याने मोज्याला हात लावला नाही. बापाला दोर बांधला. कोपराने बर्फ फोडून खांदा सोडवला. "ओढा," म्हणाला.

वर काढल्यावर सगळ्यांनी पाहिलं. समजायला थोडा वेळ लागला. एकाला कळलं, मग त्याच्याकडे बघून दुसऱ्याला. हाजी बाकिर बर्फात खाली बसला आणि हातातली काठी उगाच पुसायला लागला.

"मी परवानगी दिली असती," आखोन म्हणाले. "जिवासाठी बोललं तर चालतं. कुठलाही बर्फ जिवापेक्षा मोठा नाही. मला कुणी विचारलंच नाही."

"कसं विचारणार, आखोन साहेब?" तकी म्हणाला.



चाळीस दिवस गाव त्यांच्या घरी येत राहिलं. लोणी आलं, कुट्टूचं पीठ आलं, सरपण रचून गेले. बोलका हा शब्द गावातून कुणी धुऊन काढावा तसा गेला. हाजी बाकिर रोज यायचा, दाराशी बसायचा आणि येईल त्याला सांगायचा, की आता बर्फ धरणार. असा माणूस पाठीशी असल्यावर धरणारच.

वजाहतचे निरोप येत होते. फोटो पाठव. तकीने एकदा सगळे उघडून पाहिले. बाप लेकाकडे बघतोय, एक पाय उचललेला, तो फोटो त्याने काढला होता. बोट आपोआप दाबलं गेलं होतं. फोटो चांगला होता. मोठा करून पाहिला तर करडा पट्टा स्पष्ट दिसत होता. ज्याला बर्फ कळतो त्याला तरी.

अम्मा दारात बसून जर्दाळूच्या बिया फोडत होती. तिने मान वर केली नाही.

"तू मागे होतास," ती म्हणाली. "तुला बर्फातलं सगळं दिसतं म्हणतात. दिसलं होतं?"

खोटं बोलायला त्याला पुरेसा वेळ होता.

"दिसलं होतं."

तिने एक बी फोडली. गर एकीकडे, टरफल एकीकडे. "किती आधी?"

"दोन पावलं."

"दोन पावलांत हाक मारून होते."

"होते."

तिने दगड खाली ठेवला. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. बराच वेळ त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू कुणाचा आहे हा, आठवतंय का बघू. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी कुणाला बोलायला बंदी केली नव्हती. जा, त्यांना सांग. सगळ्यांसमोर सांग. काय करतात ते करू दे तुझं."

तो उठला आणि गेला. मारतील, असं त्याला वाटलं. निदान थुंकतील. चालताना त्याला जवळजवळ बरं वाटत होतं.

मशिदीबाहेर तेच सगळे बसले होते. तो उभा राहिला आणि सांगितलं. पट्टा दिसला होता. खाली भेग आहे हे कळलं होतं. ओरडायला वेळ होता. ओरडलो नाही.

आखोन मुसांनी डोळे मिटून घेतले.

मग हाजी बाकिर उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. तकीपर्यंत आला आणि त्याने तकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हाजीचे डोळे भरून आले होते.

"तूसुद्धा," हाजी म्हणाला. "दिसत असून. सख्खा बाप समोर असून." तो बाकीच्यांकडे वळला. "ऐकलंत? आणि आपण ह्या घराला काय काय म्हणत होतो."

"शाबास," कुणीतरी हळूच म्हणालं. दुसऱ्याने मान डोलावली. एक म्हातारा सरकला, त्याने आपल्या शेजारची घोंगडी झटकून सपाट केली.

"तसं नाही," तकी म्हणाला. "तुम्हाला कळलं नाही. मी वाचवू शकलो असतो."

"कळलं, बाळा. कळलं. बस." हाजीने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. त्याच्या हातात चहा दिला, वर लोण्याचा मोठा गोळा टाकून, पाहुण्याला देतात तसा. सगळे तो पितो का बघत होते.